जुन्या डेकवर घरचे व्हिडिओ: गणपतीआधीच्या पाच आठवड्यांच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

गाडी २०११ची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने डबल डिन डेक (डॅशबोर्डमधला दुप्पट उंचीचा, स्क्रीनवाला प्लेअर) बसवून घेतला होता आणि पुढच्या दोन्ही सीटच्या हेडरेस्टमध्ये मागच्यांसाठी सात-सात इंची स्क्रीन. चार वर्षं मी त्यावर फक्त रेडिओ ऐकला. या वेळी गणपती ७ सप्टेंबरला बसतायत, पुण्याहून गुहागरला जायचंय आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला सात-आठ तास गाडीत बसणं जड जातं. फर्माईश तिचीच. "त्या टेपवर ताईचं लग्न लागतं का बघ रे." आमच्याकडे गाडीत जे वाजतं त्याला अजून टेपच म्हणतात.

लावायचंय ते असं: ताईच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी, २००३च्या. धाकट्या भावाच्या लग्नाची एक डीव्हीडी, २०१०ची. आणि फोनवर काढलेल्या साठेक क्लिप: शिमग्याची पालखी, गावातलं नमन (कोकणातलं लोकनाट्य), पोरांचे वाढदिवस.

आज घरातल्या जुन्या १६ जीबी पेनड्राइव्हवर फोनमधल्या दोन क्लिप टाकून डेकला लावल्या. नावं दिसली. दाबल्यावर इंग्रजीत उत्तर आलं, ही फाइल चालत नाही. एका मागच्या स्क्रीनवर नुसत्या रेघा, म्हणून अॅक्सेसरीजवाल्याकडे गेलो. पिवळी-लाल-पांढरी पिन असलेली केबल खराब निघाली. नवी २५० रुपये.

त्याने फुकटात एक ऑफरही दिली: "हातब्रेकची वायर अर्थ करून देऊ का? मग चालत्या गाडीत पुढच्या स्क्रीनवरपण दिसेल." नको म्हटलं. हातब्रेक सोडला की पुढचा पडदा काळा होतो आणि मागचे दोन चालू राहतात, हे जसं आहे तसंच मला हवंय. चालवणारा मीच आहे आणि लग्नातले सगळे माझ्या ओळखीचे आहेत.

४ ऑगस्ट, रविवार

पहिला फुकट गेलेला दिवस. कालच अॅक्सेसरीजवाला म्हणाला होता की जुना पेनड्राइव्ह स्लो असतो, म्हणून व्हिडिओ लागत नाही. मीही ऐकलं. ६४ जीबीचा नवा घेतला, ५९० रुपये. डेकला तो दिसलाच नाही.

पेनड्राइव्हवर फाइल मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. दुकानातून येतो तेव्हा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीचा असतो आणि या वयाच्या डेकना फक्त जुनी फॅट३२ कळते. विंडोजच्या फॉरमॅटच्या चौकटीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्यायच येत नाही. रूफस नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर ते करून देतं. केलं. तरी दिसेना. तासभर केबल हलवणं, फुंकर मारणं, सगळं झालं. मग लक्षात आलं की रूफसमध्ये पार्टिशनचा, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या जागेच्या वाटणीचा, प्रकार जीपीटी हा नवा राहिला होता. जुना एमबीआर निवडून परत फॉरमॅट केल्यावर दिसला.

आणि मग बसून जो हिशेब करायला हवा होता तो केला. या डेकला व्हिडिओ लागणार सेकंदाला फार तर दीड-दोन हजार किलोबिटचा. म्हणजे ०.२ एमबी. एवढं तर कुठलाही जुनापुराणा पेनड्राइव्ह झोपेत देतो. ५९० रुपये वाया. १६ जीबीवालाच परत काढला.

७ ऑगस्ट, बुधवार

डेकचं माहितीपुस्तक गाडीत नव्हतं, नेटवर मिळालं. कामाचं एकच पान: व्हिडिओ डिव्हएक्स किंवा एक्सव्हीआयडी, डबा (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा फाइलचा प्रकार) एव्हीआय, आकार जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, आवाज एमपी३, पेनड्राइव्ह फॅट३२. म्हणजे आमच्या फोनवर जे निघतं त्यातलं काहीच नाही. फोन काढतो एचईव्हीसी या नव्या पद्धतीत, १०८० रेषांचं. डेक बनला तेव्हा एचईव्हीसी जन्मालाही यायचं होतं.

हँडब्रेक नावाचं व्हिडिओचा प्रकार बदलणारं मोफत सॉफ्टवेअर (गाडीच्या हातब्रेकशी संबंध नाही) डाउनलोड केलं, कारण सगळे तेच सांगतात. अर्धा तास शोधूनही एव्हीआय कुठेच सापडेना. २००९च्या शेवटी आलेल्या ०.९.४ आवृत्तीपासून त्यांनी एव्हीआय काढूनच टाकलंय. तेव्हा डेक जुना असेल तर हँडब्रेकच्या वाटेला जाऊ नका. नव्या डेकसाठी ते उत्तम आहे, त्याचं पुढे येतंय.

उरलं एफएफएमपेग. तेही व्हिडिओ बदलणारं मोफत सॉफ्टवेअर, पण त्याला बटणं नाहीत, हुकूम टाइप करून द्यायचे. काळ्या खिडकीत टाइप करायचं म्हटलं की लोक पळतात, मीही दोन दिवस टाळलं.

१० ऑगस्ट, शनिवार

आजची नोंद लांबणार आहे, कारण याच जागी बहुतेक लोक नाद सोडत असणार.

पालखीची एक क्लिप एफएफएमपेगने एमपेग-४ व्हिडिओ, एमपी३ आवाज आणि एव्हीआय डबा अशी बदलली. आकार ७२० गुणिले ४००. पुस्तकात लिहिलंय तेच सगळं. लॅपटॉपवर मस्त चालली. खाली पार्किंगमध्ये जाऊन डेकला लावली: ही फाइल चालत नाही.

आकार कमी केला, नाही. आवाज काढून टाकला, नाही. चार वेळा तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि वर. (लिफ्ट बंद होती. ती वेगळी नोंदवही होईल.) पाचव्यांदा डेकशी बसलो असताना ग्लव्ह बॉक्समध्ये आधीच्या मालकाची एक एमपी३-व्हिडिओ सीडी सापडली. तिच्यावरचा एक व्हिडिओ डेकने झटकन लावला! सीडी वर नेली. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. शेजारच्यांच्या जुन्या पीसीवर ती फाइल कॉपी करून आणली आणि फाइलच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या मीडियाइन्फो सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइल शेजारी-शेजारी उघडल्या.

सगळं सारखं. फरक एका ओळीचा. चालणाऱ्या फाइलमध्ये कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कोणत्या पद्धतीने बांधलाय त्याची, चार अक्षरी खूण होती एक्सव्हीआयडी. माझ्या फाइलमध्ये एफएमपी४. आतला माल त्याच जातीचा, वर चिकटवलेली चिठ्ठी वेगळी. एफएफएमपेग स्वतः बनवलेल्या एमपेग-४ला एव्हीआयमध्ये ही दुसरी चिठ्ठी लावतं आणि डेक आत काय आहे ते बघतच नाही, चिठ्ठी वाचून माणसाला दारातून परत पाठवतो. सोसायटीच्या गेटवर पाहुण्याकडे फ्लॅट नंबर मागतात तसं.

हुकमात व्हिडिओच्या टॅगला एक्सव्हीआयडी असं नाव द्यायचं, एवढंच. पाच अक्षरांचा पर्याय आणि पुढे चार अक्षरं. फाइल लागली. पार्किंगमध्ये एकटाच ओरडलो.

आनंद मिनिटभर टिकला. चित्र म्हणजे चौकोनांची गोधडी. पालखी ओळखू येत होती, खांदेकरी नाहीत. कारण मी बिटरेट (सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा) दिलाच नव्हता आणि एफएफएमपेगमधल्या या एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ बांधणाऱ्या भागाला, काही सांगितलं नाही तर तो सेकंदाला २०० किलोबिट धरून चालतो. हे एवढ्या मोठ्या चित्राला कसं पुरणार. मग दुसऱ्या टोकाला गेलो: गुणवत्तेचा आकडा २, म्हणजे जवळजवळ सर्वोत्तम. चित्र काचेसारखं, पण पालखीवर गुलाल उधळला की हिसके. गुलाल खाली बसला की परत सुरळीत.

हे मला आवडलं, कारण यातून कारण स्वच्छ दिसलं. गुणवत्ता एकसारखी ठेवा असं सांगितलं की शांत दृश्याला फाइल कमी डेटा देते आणि गुलालासारखा हजार ठिपक्यांचा धुरळा आला की एकदम पाच-सहा पट. तो झटका डेकच्या चिपला झेपत नाही. दोष पेनड्राइव्हचा नसतो. उपाय: सरासरी १,५०० किलोबिट, कमाल २,५००, बफर २,०००. गुलालात चित्र किंचित मऊ होतं, पण अडकत नाही. तासाला साधारण ७३० एमबी होतात.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी नऊ ते साडेअकरा डेक आणि दोन्ही स्क्रीन चालू, दार उघडं, आतला दिवा चालू, इंजिन बंद. साडेअकराला चावी फिरवली तर नुसती टिकटिक. बॅटरी बसली.

वॉचमनकाका सकाळपासून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "साहेब, काही घरात झालंय का? नाही, रोज गाडीतच बसलेले दिसता म्हणून."

गॅरेजच्या पोराने जंप स्टार्ट दिला, ३०० रुपये. बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासायचा विचार करू नका, धूर कोंडतो.

इथून पुढे पद्धत बदलली आणि खरं तर पहिल्या दिवशीच बदलायला हवी होती. एका मूळ व्हिडिओतले सर्वांत धावपळीचे ३० सेकंद कापायचे. त्याच्या आठ-दहा आवृत्त्या करायच्या, प्रत्येकीत एकच गोष्ट वेगळी. नावं नुसते आकडे. वहीत आकडा आणि काय बदललं ते. मग एकदाच खाली जायचं, वीस मिनिटांत सगळ्या लावून बघायच्या, दोन खुणा करायच्या, वर यायचं. आधीच्या आठवड्यात बारा-तेरा तास गेले होते. तेवढंच काम या पद्धतीने दोन संध्याकाळींत झालं असतं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. ताईच्या व्हीसीडी. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह १,१५० रुपयांना. महाग वाटला, पण रोज शेजाऱ्यांच्या पीसीवर किती बसणार.

व्हीसीडी उघडली की एमपेगएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यात एकच मोठी डॅट फाइल. ती एफएफएमपेग थेट वाचतं. पहिली आणि तिसरी सीडी सुतासारखी कॉपी झाली. दुसरी, म्हणजे नेमकी लग्न लागण्याची, ४१व्या मिनिटाला अडकली. डेटा सीडीवर चुका दुरुस्त करायला जो जादा थर असतो तो व्हीसीडीच्या व्हिडिओ भागात सोडून दिलेला असतो, जागा वाचवायला. त्यामुळे बारीक ओरखडाही भारी पडतो. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून बाहेर सरळ रेषेत पुसली (गोल-गोल पुसायचं नाही), तरी नाहीच. शेवटी खराब सीडी वाचणाऱ्या आयसोबस्टर सॉफ्टवेअरने वाचता न येणारे तुकडे ओलांडून बाकीची काढली. एकूण नऊ सेकंद गेले. त्यात नेमकं कोण होतं यावर घरात मतभेद आहेत.

व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८. ते फुगवून मोठं करायचा मोह होतो. केलं, काही मिळालं नाही, फाइल चौपट. आहे तोच आकार ठेवला, बिटरेट १,२००. सात इंची स्क्रीनवर पुरेसं दिसतं.

खरी गंमत आवाजाची. सगळी फाइल नीट, पहिली दहा मिनिटं नीट. मग मी दुसऱ्या सीडीच्या ४०व्या मिनिटावर गेलो. अंतरपाट धरलेला, भटजींचं तोंड हलतंय. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजवायला लागले, अंतरपाट खाली आला. आणि मग दोन सेकंदांनी स्पीकरमधून "सावधान". लग्न लागून गेल्यावर सावधान! बायको म्हणाली, "अहो, बरोबरच आहे की. खरं सावध व्हायचं ते नंतरच." मी मात्र कारण शोधत बसलो.

मी एमपी३चा बिटरेट बदलता ठेवला होता, दर्जा चांगला मिळतो म्हणून. एव्हीआय हा जुना डबा, त्यात आवाज एकसमान गतीने येतो असं गृहीत. बदलता बिटरेट दिला की सुरुवातीला कळत नाही आणि पुढे-पुढे अंतर वाढत जातं. पक्का १२८ किलोबिट, ४८,००० हर्ट्झ केल्यावर सावधान आणि अक्षता एका क्षणी. म्हणून ३० सेकंदांच्या तुकड्यावर सगळं जमलं तरी एक पूर्ण लांबीची फाइल करून तिचं शेवटचं टोक बघाच.

१७ ऑगस्ट, शनिवार

भावाची डीव्हीडी. तिच्यावर एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइल असतात. मी शहाणपणाने प्रत्येक वेगळी बदलली. जिथे फाइल संपते तिथे वाक्य तुटतं, उखाण्याच्या मध्येच नाव गायब. सगळ्या व्हीओबी आधी सलग जोडून मग एकच रूपांतर करायचं.

दुसरं, माणसं हलली की कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा. ही डीव्हीडी जुन्या टीव्हीच्या पद्धतीची, एका चित्रात दोन क्षणांच्या रेषा एकाआड एक. याडिफ नावाचा फिल्टर त्या सांधतो. त्याला दोन पद्धती: साधी, जिच्यात सेकंदाला २५ चित्रं राहतात आणि दुसरी, जिच्यात ५० होतात. ५०ची लॅपटॉपवर फार सुंदर दिसली, लोण्यासारखी. डेकवर स्लाइड शो. पुस्तकातलं ७२० गुणिले ५७६ हे २५ चित्रांसाठीच आहे. साधी पद्धत घेतली.

तिसरं, डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ असतं पण दाखवायचं असतं चारास तीन या प्रमाणात. ते ताणून दाखवा असा निरोप फाइलमध्ये असतो, डेक तो वाचत नाही. सगळं वऱ्हाड सडपातळ दिसत होतं. वहिनीची काहीच तक्रार नव्हती. मी ६४० गुणिले ४८० केलं.

१८ ऑगस्ट, रविवार

फोनच्या क्लिप. साठातल्या बावीस उभ्या.

उभ्या क्लिपचं रूपांतर करताना एफएफएमपेग फोनची वळणाची खूण वाचून चित्र स्वतःच सरळ करतं, ते चांगलं. पण मी सगळ्यांना ७२० गुणिले ४०० हाच आकार ठोकला होता. नमनातला संकासूर फुगून गणपतीएवढा झाला. उभ्यांसाठी वेगळा हुकूम: उंची ४३२, रुंदी २४०, दोन्ही बाजूंना काळी पट्टी भरून एकूण ७२० गुणिले ४३२. डेकची काच ८०० गुणिले ४८०ची आहे, तिचं प्रमाण हेच, आणि सगळे आकडे १६ने भाग जाणारे. जुन्या चिपना १६च्या पटीतले आकार मानवतात. ६४० गुणिले ३६० दिल्यावर मला खाली एक हिरवी रेघ दिसत होती. ३६०ला १६ने भाग जात नाही. ३६८ केल्यावर रेघ गेली.

रात्रीच्या पालखीच्या क्लिपमध्ये ढोल आधी वाजतो आणि टिपरू नंतर पडतं. कारण वेगळं: अंधारात फोन चित्रांची संख्या आपोआप कमी करतो, सेकंदाला कधी ३०, कधी २४. वेग पक्का ३० केला की ढोल जागेवर. मी आधी डीव्हीडीसारखा २५ दिला होता, तर पालखी नाचवताना ठेचकाळल्यासारखी दिसायला लागली. फोनचं ३०ला ३०च ठेवा.

बॅच फाइल (सगळे हुकूम एकापाठोपाठ आपोआप चालवणारी) लिहून साठही एकदम लावल्या तर अकराच झाल्या. बाकीच्यांची नावं देवनागरीत किंवा मध्ये जागा सोडलेली. तशीही डेकवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन येतात. सगळ्यांना रोमन अक्षरांत, आकड्याने सुरू होणारी छोटी नावं दिली. दुपार गेली.

२४ ऑगस्ट, शनिवार

भाचा आला होता. "मामा, माझ्या मॅकवर करून देतो, पटकन होईल." झालंही पटकन, माझ्या लॅपटॉपच्या चौथ्या हिश्श्यात. पेनड्राइव्ह डेकला लावला तर यादीत प्रत्येक फाइल दोनदा आणि निम्म्या चालत नाहीत. प्रत्येक न चालणाऱ्या फाइलवर डेक दहा सेकंद विचार करतो. मॅक फॅट३२वर कॉपी करताना प्रत्येक फाइलच्या सोबत टिंब आणि खालची रेघ यांनी सुरू होणारी एक चिमुकली लपवलेली फाइल ठेवतो. मॅकवर दिसत नाही, डेकला दिसते. विंडोजवर जाऊन सगळ्या उडवल्या.

क्रमही उलटापालटा. ०१, ०२ अशी नावं देऊनही तिसरी सीडी आधी. हा डेक नावं बघत नाही, ज्या क्रमाने फाइल कॉपी झाल्या त्या क्रमाने लावतो. ड्राइव्हसॉर्ट नावाच्या सॉफ्टवेअरने यादी नावानुसार लावून घेतली, दोन मिनिटांचं काम.

३१ ऑगस्ट, शनिवार

भाऊजींनी नवा अँड्रॉइड डेक बसवलाय, त्यांनाही ताईचं लग्न हवं. (स्वतःचंच लग्न आहे म्हणा.) नव्या डेकला एच.२६४ (एचईव्हीसीच्या आधीची व्हिडिओची पद्धत) आणि एमपी४ डबा चालतो, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं. चित्र आलं, आवाज नाही.

यावर दीड तास गेला. लग्नाच्या व्हीसीडीत बँड मोठा आणि बोलणं बारीक, म्हणून मी एफएफएमपेगचा लाउडनॉर्म फिल्टर लावून आवाज एकसारखा केला होता. तो फिल्टर आतल्या आत आवाजाचा नमुना-दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) १,९२,००० हर्ट्झवर नेतो. एमपी३ला एवढा दर चालतच नाही आणि मी ४८,००० सांगितलंही होतं, म्हणून माझ्या डेकवर काही बिघडलं नाही. भाऊजींसाठी आवाज एमपी३ऐवजी एएसी या प्रकारात केला आणि दर सांगायचा राहिला. एएसीने ९६,००० धरला. डेक मुका. ४८,००० लिहिलं, बोलायला लागला.

भाचीच्या आयफोनवरच्या क्लिप तिथेच काळ्या आल्या. त्या दहा बिटच्या रंगात काढलेल्या असतात आणि वेगळं सांगितलं नाही तर एच.२६४मध्येही दहा बिटच राहतात. रंगाचा प्रकार साधा आठ बिटचा, ४२० असा ठोकून सांगायचा. हे हँडब्रेकमध्येही जमतं, तिथे साधा एच.२६४ एन्कोडर निवडला की झालं.

१ सप्टेंबर, रविवार

शेवटी जे टिकलं ते, जुन्या डेकसाठी. एव्हीआय डबा. एमपेग-४ व्हिडिओ, टॅग एक्सव्हीआयडी. सरासरी १,५००, कमाल २,५००, बफर २,००० किलोबिट, व्हीसीडीला १,२००. आडव्या क्लिप ७२० गुणिले ४००, उभ्या पट्टीसह ७२० गुणिले ४३२, भावाची डीव्हीडी ६४० गुणिले ४८०, व्हीसीडी आहे त्याच आकारात. डीव्हीडी २५, फोन ३०, दोन्ही पक्के. आवाज एमपी३, पक्का १२८, ४८,००० हर्ट्झ, दोनच चॅनल, लाउडनॉर्म लावून. एक फाइल २ जीबीच्या आत. फॅट३२ची मर्यादा ४ जीबीची आहे, पण जुन्या एव्हीआयच्या आत कुठे काय आहे ते सांगणारी जी यादी असते, तिचं २ जीबीच्या पुढे काही खरं नसतं.

खर्च २,२९० रुपये. त्यातले ५९० आणि ३०० निव्वळ मूर्खपणाचे. वेळ मोजला नाही. बायकोने मोजलाय.

६ सप्टेंबर, शुक्रवार, गुहागर

काल पहाटे चारला निघालो. उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. आई साताऱ्यापर्यंत झोपली. उठल्यावर ताईचं लग्न लावलं. हळद, मग चुडा, मावशीचं रडणं. आई प्रत्येक माणसाची ओळख करून देत होती, त्यातले निम्मे आता नाहीत. उंब्रजच्या पुढे चहाला थांबलो, गाडी बंद केली. परत सुरू केल्यावर डेकने फाइल पहिल्यापासून लावली. पुन्हा हळद. रिमोट पहिल्या मालकाकडेच राहिलाय आणि पुढच्या पडद्यावरून पुढे सरकवायचं तर हातब्रेक लावून थांबावं लागतं. कोयनानगरला आईला पाय मोकळे करायचे होते. तिसऱ्यांदा हळद. "अरे, त्या टेपला सांग ना, हळद झाली म्हणून."

चावी बंद केली की डेक फाइल लक्षात ठेवतो, फाइलमधली जागा विसरतो. पार्किंगमध्ये ही गोष्ट पाच आठवड्यांत एकदाही तपासली नव्हती. तिथे मी गाडी बंद करून चहाला जातच नव्हतो.

आज दुपारी भावाच्या लॅपटॉपवर सगळ्या लांब फाइल दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत कापल्या. परत रूपांतर करावं लागत नाही, नुसतं जसंच्या तसं कापायचं, तीन सीडींना मिळून चार मिनिटं लागली. तुकड्यांच्या मध्ये डेक दोन-तीन सेकंद काळा होतो. खाली अंगणात लावून आईला दाखवलं, चावी दोनदा बंद-चालू करून. लग्न लागतानाचाच तुकडा लागला होता. ती बघत राहिली आणि म्हणाली, आता हळदीचा लाव.